मखरातला वकील

‘गरिबीतून वर आलेला माणूस’ हा प्रकार आपल्या लोकांना भारी आवडतो. इथे कॅलिफोर्नियातही. क्रूझ रेनोसो यांचं नाव निघालं की माना डोलायला लागतात. संत्र्याच्या बागांत राबलेला पोर, अकरा भावंडं, फुलर्टनचं कम्युनिटी कॉलेज, मग बर्कलीची कायद्याची पदवी आणि १९८२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातला पहिला लॅटिनो न्यायमूर्ती. टाळ्या! टाळ्या वाजवणारेच घरी जाऊन लेकीला बजावतात, कम्युनिटी कॉलेजचा फॉर्म भरलास तर चारचौघांत सांगायचं काय?

ढोंग कॉलेजपुरतंच असतं तर मी गप्प बसले असते. (तरी सांगते: रेनोसो शिकले तेव्हा या कॉलेजांना फी नव्हती, ती १९८४ साली लागली. ‘स्वतःच्या हिमतीवर’ म्हणताना करदात्याचा वाटा कुणी मोजत नाही.) खरा राग आहे तो गाळलेल्या पानांचा.

लहानपणी त्यांच्या वस्तीत टपाल येत नसे. पोरानं थेट वॉशिंग्टनला लिहिलं आणि पोस्टमन दारात यायला लागला. हा किस्सा सगळ्यांना आवडतो. का नाही आवडणार? त्यात कुठल्याच मालकाच्या खिशाला चाट बसत नाही.

पुढचं कुणी सांगत नाही. साठच्या दशकाच्या अखेरीस ते ‘कॅलिफोर्निया रूरल लीगल असिस्टन्स’चे संचालक झाले. शेतमजुरांना फुकट वकील देणारी ही संस्था. आपली समाजसेवा म्हणजे वह्यावाटप आणि त्याचा फोटो. यांची समाजसेवा म्हणजे कोर्टाची नोटीस. स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांची बुद्धी इंग्रजीत मोजायची आणि त्यांना मतिमंदांच्या वर्गात बसवायचं, हा शाळांचा खाक्या संस्थेच्या वकिलांनी १९७० साली मोडून काढला. लेट्यूसच्या शेतात मजुरांना आखूड दांड्याची कुदळी देत. दिवसभर कंबरेत वाकून काम, आणि ताठ उभा राहिला तो कामचुकार, हे मुकादमाला बांधावरूनच दिसे. माणसं पाठीतून कायमची गेली. संस्था लढली आणि १९७५ साली ती कुदळी बंद झाली.

अशा सेवेला हार मिळत नाहीत. रेनोसो संचालक असतानाच, १९७० च्या डिसेंबरात, गव्हर्नर रेगन यांनी संस्थेवर आरोप ठेवून तिच्या केंद्रीय निधीवर नकाराधिकार वापरला. आरोपांची चौकशी करायला बाहेरच्या राज्यांतले तीन न्यायाधीश नेमले गेले. आरोप निराधार निघाले.

न्यायमूर्ती झाल्यावरही खोड गेली नाही. १९८४ च्या एका निकालात त्यांनी लिहिलं की इंग्रजी न कळणाऱ्या आरोपीचा दुभाषा खटलाभर त्याच्याच शेजारी हवा, साक्षीदारांसाठी तो उसना नेता येणार नाही. खटला आपल्यावर चाललाय आणि बोलणं काय चाललंय ते आपल्यालाच कळू नये! परदेशात पोटासाठी आलेल्या प्रत्येकानं हा निकाल वाचायला हवा, आपल्यासकट.

१९८६ साली मतदारांनी त्यांना घरी बसवलं. मुख्य न्यायमूर्ती रोझ बर्ड आणि जोसेफ ग्रोडिनही सोबत गेले. प्रचार फाशीच्या शिक्षेवर तापवलेला होता. शंभरातले साठेक जण रेनोसोंच्या विरोधात गेले. २००० साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्यांच्या गळ्यात पदक घातलं. आमचे वक्ते न्यायालयाच्या पायरीवरून या पदकावर उडी मारतात. मधल्या चौदा वर्षांना भाषणात जागा नसते.

आणि पदकानंतरही हा गृहस्थ सुधारला नाही. २०११ च्या नोव्हेंबरात डेव्हिसच्या विद्यापीठात जमिनीवर बसलेल्या विद्यार्थ्यांच्या तोंडावर पोलिसांनी मिरीचा फवारा मारला. चौकशी समितीचे अध्यक्ष होते ऐंशी वर्षांचे रेनोसो. हे टाळता आलं असतं आणि टाळायलाच हवं होतं, असं समितीनं पुढच्या एप्रिलात लिहून दिलं, वरिष्ठांनाही मोकळं सोडलं नाही. डेव्हिसला आपली मराठी पोरं काही कमी शिकत नाहीत. त्यांच्या आईबापांपैकी कुणी तो अहवाल उघडून पाहिला असेल, तर पुढच्या वेळी भाषण त्यांनी करावं.