चालता येतंय म्हणजे मणका शाबूत आहे, असं नाही!

हंगाम सुरू झाला की तोंडवली, तळाशील, तारकर्लीच्या किनाऱ्यांवर पाहुण्यांची गर्दी वाढते, आणि दवाखान्यात कंबर धरून येणाऱ्यांचीही. मागे पन्नाशीच्या एक ताई आल्या. पॅरासेलिंग करून उतरताना वाळूवर बुडावर आपटल्या होत्या. सोबतचा मुलगा म्हणाला, ‘डॉक्टरांनू, त्या तर चलतत, मगे फोटो कित्याक?’ ताईंनाही घाई होती. ‘एक इंजेक्शन द्या, रात्रीची गाडी आहे.’ आग्रहाने एक्स-रे काढायला लावला. कमरेचा पहिला मणका पुढून चेपला होता.

‘चालतंय ना, मग काही झालं नाही’ हे वाक्य मला आता ऐकवत नाही. ते साफ चुकीचं आहे.

उंचावरून पायांवर किंवा बुडावर आदळलं की धक्का टाच, गुडघा, खुबा असा वर चढतो आणि पाठ व कंबर जिथे जुळते तिथल्या मणक्यांवर जाऊन थांबतो. टाचेचं हाड मोडलेल्या साधारण दहांपैकी एकाच्या मणक्यालाही इजा असते. तरी माणूस चालतो, कारण मज्जारज्जू वाचलेला असतो. तो वाचलेलाच राहावा, यासाठी तर पुढची काळजी!

हॉट एअर बलूनचंही तेच. आगीच्या बातम्या आपल्या लक्षात राहतात. 26 फेब्रुवारी 2013 ला इजिप्तमधल्या लक्सरला बलून पेटून 19 जण गेले. पण एरवी बलूनमध्ये हाडं मोडतात ती उतरताना. टोपली जमिनीवर आदळते, कधी आडवी होऊन फरफटते. म्हणून उतरताना गुडघे किंचित वाकवून, आतले पट्टे घट्ट धरून उभं राहायचं आणि चालकाने सांगेपर्यंत बाहेर पाय टाकायचा नाही. हे तुम्हाला आधी सांगितलं नसेल, तर चढूच नका.

‘डॉक्टर, तुम्ही आमचा धंदा बसवणार,’ असं मला ऐकवलं जातं. अहो, या धंद्यावर आमच्या गावातली घरं चालतात, हे मला ठाऊक आहे. पण धंदा बसतो तो अपघाताने. मे 2019 मध्ये रायगडातल्या मुरुडला पॅरासेलिंगचा दोर तुटून पुण्याचा 15 वर्षांचा मुलगा गेला. त्या दिवशी किनाऱ्याची बदनामी कुठल्या डॉक्टरने केली नव्हती.

तेव्हा आपटलात तर एवढं कराच:

• पाठीत किंवा मानेत दुखत असेल तर उठू नका, कुणाला बखोटीला धरून उठवू देऊ नका. फळीवर सपाट झोपून न्यायला सांगा. 108 ला फोन करा.
• लघवी अडली, बसायच्या जागी बधिरपणा आला, पायांतली ताकद गेली, तर त्याच तासाला मोठं रुग्णालय गाठा.
• नाकातोंडात पाणी गेलं असेल तर सहा ते आठ तास देखरेखीखाली राहा. दम किंवा खोकला वाढला तर थांबू नका.
• डोक्याला मार असेल तर पहिले दोन दिवस एकटं राहू नका.
• कंबरेला तेल लावून रगडणं बंद!

आणि घरी पोचल्यावर प्रकरण मिटलं, असं समजू नका. मणका चेपला असेल तर एक-दोन आठवड्यांनी उभं राहून पुन्हा एक्स-रे काढा, कारण चेपलेला मणका हळूहळू आणखी बसू शकतो. मग सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी तपासणी. पन्नाशी उलटली असेल तर हाडांची घनता तपासा. महिन्यानंतरही दचकून जाग येत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

दोष आम्हा डॉक्टरांचाही आहे. गाडीची वेळ बघून वेदनाशामक टोचायचं आणि पाहुण्याला वाटेला लावायचं, हा उपचार नव्हे. किती उंचीवरून, कसं आपटलं, काय तपासलं आणि पुढे कधी दाखवायचं, हे चिठ्ठीवर लिहूनच द्यायला हवं.

ताई त्या रात्री गेल्या नाहीत. पट्टा बांधून, झोपून, दोन दिवसांनी गेल्या. गाडी दुसरी मिळते हो, मणका मिळत नाही.