जनुकांचा आकडा आणि माणसाचे मोठेपण

मानवी जनुकसंचाचा आराखडा २००१ साली प्रसिद्ध झाला, तोवर अनेक अभ्यासक लाखभर जनुके धरून चालले होते. हाती आली तीस ते चाळीस हजार. पुढे तीही घटली आणि प्रथिने घडवणाऱ्या जनुकांची संख्या वीस हजारांच्या आसपास थांबली. मिलिमीटरभर लांबीच्या, अवघ्या ३०२ चेतापेशींच्या सी. एलिगन्स या कृमीकडेही जवळपास तेवढीच आहेत. गव्हाकडे तर लाखाहून अधिक.

म्हणून ही मोजदादच निरर्थक ठरवावी का? मला तसे वाटत नाही. ई. कोलाय जिवाणूत सुमारे ४,३००, यीस्टमध्ये ६,०००, फळमाशीत १४,००० जनुके आहेत. एकपेशीय जिवापासून अनेकपेशीय शरीरापर्यंतची ही चढण खोटी नाही. शरीर उभारायला किमान भांडवल लागतेच. पण त्यापुढे आकडा साथ सोडतो. गव्हाचा फुगलेला आकडाही त्याच्या कुळाचा आहे: तीन गवतवर्गीय पूर्वजांचे जनुकसंच त्यात एकत्र नांदतात.

मग माणसाचे वेगळेपण कुठे शोधायचे? जनुकाचा संदेश निरनिराळ्या तऱ्हेने कापून जोडता येतो आणि एकाच जनुकातून अनेक प्रथिने मिळतात, हे उत्तर नेहमी दिले जाते. ते खरे आहे, मात्र त्याचे सर्वांत ठळक उदाहरण फळमाशीचेच: तिच्या डीस्कॅम या एका जनुकातून ३८,०००हून अधिक प्रकार संभवतात. कोणते जनुक कुठल्या पेशीत, केव्हा आणि किती चालावे याचे नियंत्रण हे स्पष्टीकरण मला अधिक वजनदार वाटते. भ्रूणाच्या वाढीत तेच जनुक वेगळ्या वेळी, वेगळ्या जागी वापरून नवा अवयव घडतो.

नियंत्रण करणारा डीएनए शोधतानाही उत्साह आवरायला हवा. २०१२मध्ये एन्कोड प्रकल्पाने मानवी डीएनएचा ८० टक्के भाग कार्यरत असल्याचे मांडले आणि त्यावर कडाडून टीका झाली. 'कार्य' या शब्दाची व्याख्याच फार सैल होती, हा आक्षेप मला रास्त वाटतो. कांद्याचा डीएनए आपल्या सुमारे पाचपट आहे. सगळाच डीएनए कामाचा मानला, तर कांद्याला इतका कशाला लागतो? जनुकांच्या संख्येने माणसाला वरचे स्थान दिले नाही, म्हणून डीएनएच्या लांबीकडे धाव घेणे हा तोच हट्ट झाला.

गुंतागुंत मोजायचीच तर पेशींच्या प्रकारांपासून सुरुवात करणे अधिक प्रामाणिक ठरेल. एकेका पेशीतील जनुकांचे चलनवलन आता वाचता येते. पण दोन पेशींत किती फरक असला म्हणजे त्यांना वेगळा प्रकार म्हणायचे, हे आधी ठरवावे लागेल.