बागेचा अर्ज कोण करणार?

असरनंतर मुलांना घेऊन आम्ही मोहल्ल्याजवळच्या बागेत जातो. घसरगुंडीचा पत्रा फाटलेला, दिवे बंद, स्वच्छतागृहाला कुलूप. टेकायला बाक नाही, म्हणून अम्मी आणि खाला येणेच सोडून बसल्या. आम्ही सगळे कुरकुर करतो आणि मगरिबला घरी परततो.

पण कुरकुर म्हणजे मागणी नव्हे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत बागा व क्रीडांगणे ही शहरी संस्थांच्या कामांत धरली आहेत. त्यासाठीचा पैसा अंदाजपत्रकातून येतो, आणि ते एप्रिलच्या आधीच ठरते. पुण्यात २००६ पासून नागरिक आपल्या भागातली छोटी कामे अर्ज भरून अंदाजपत्रकासाठी सुचवतात. आपल्या गावात अशी सोय नसेल, तरी नगरसेवकाकडे लेखी अर्ज देऊन पोच घेता येते.

जागेवरही नजर हवी. विकास आराखड्यात बागेसाठी राखलेली जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरही मुदतीत हालचाल झाली नाही, तर आरक्षण संपते. बाग होण्याआधीच जाते.

आठवीच्या वर्गाला आम्ही विचारले, बागेत काय हवे? मुलग्यांनी लिहिले, क्रिकेटची जागा. बहुतेक मुलींनी पहिल्या ओळीत लिहिले, उघडे स्वच्छतागृह. तीच यादी आम्ही अर्जाला जोडणार आहोत. तुमच्या मोहल्ल्यातली यादी कोण करणार?