सेन्सेक्स पडला म्हणजे नेमकं काय पडलं?

'सेन्सेक्स कोसळला!' अशी लाल पट्टी टीव्हीवर आली की ज्या घरात एकही शेअर नाही तिथेही काळजी सुरू होते. आणि तोच सेन्सेक्स वर गेला की 'देश सुसाट' असे मेसेज ग्रुपवर फिरायला लागतात. दोन्ही वेळा आधी विचारायला हवं, की नेमकं काय पडलं आणि नेमकं काय वाढलं?

सेन्सेक्स म्हणजे मुंबई शेअर बाजारातल्या ३० मोठ्या कंपन्यांच्या भावांचं मोजमाप. बाजार १८७५ पासूनचा, पण हा निर्देशांक सुरू झाला १९८६ मध्ये. १९७८-७९ हे पायाभूत वर्ष धरून त्याची किंमत १०० ठरवली गेली. यात सगळ्या कंपन्या सारख्या नसतात. जिचे बाजारात फिरणारे शेअर जास्त किमतीचे, तिचं वजन जास्त. त्यामुळे रिलायन्स, एचडीएफसी बँक अशा चार-पाच बड्या कंपन्या हलल्या की अख्खा आकडा हलतो.

आता ब्रेकिंग न्यूजचं गणित बघा. १७ मे २००४ ला सेन्सेक्स ५६५ अंकांनी पडला. ४ जून २०२४ ला ४,३८९ अंकांनी. दोन्ही वेळा निमित्त लोकसभेच्या निकालाचं. कोणती पडझड मोठी? २००४ ची! तेव्हा ११ टक्के गेले होते, २०२४ ला सहा टक्क्यांहून कमी. अंक जवळपास आठपट, पण घसरण निम्मीच. तरीही चॅनलवाले अंकच ओरडून सांगतात, कारण टक्के सांगितले तर भीती कमी वाटते. आणि त्या भीतीपोटी आपल्यातलेच कितीतरी जण दुसऱ्या दिवशी एसआयपी बंद करून मोकळे होतात.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. एप्रिल ते जून २०२०, लॉकडाऊनची तिमाही. देशाचं उत्पन्न आदल्या वर्षाच्या मानाने जवळपास चोवीस टक्क्यांनी आकसलं. माणसं डोक्यावर बोचकी घेऊन चालत गावी गेली. त्याच तीन महिन्यांत सेन्सेक्स १८ टक्के वर गेला! यात बाजाराने काही लबाडी केली असं नाही. बाजार उद्याच्या नफ्याची किंमत आज लावतो, तेच त्याचं काम. पण रस्त्याने चालणारा तो मजूर त्या आकड्यात कुठेच नव्हता, हेही तितकंच खरं.

आणि तिसरी गोष्ट. सुरुवातीच्या ३० मध्ये कोण होतं आठवतंय? बॉम्बे डाइंग, सेंच्युरी, हिंदुस्थान मोटर्स, आणि कुर्ल्याच्या कारखान्यात 'पद्मिनी' बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स. आज यातलं कुणीही यादीत नाही. कंपनी मागे पडली की तिला काढतात, तिच्या जागी नवी दमदार कंपनी घेतात. १०० चे ८०,००० झाले त्यात या अदलाबदलीचाही हात आहे. निर्देशांकासाठी हा नियम योग्यच आहे. पण गिरणी बंद पडली तेव्हा परळ-लालबागच्या कामगाराच्या जागी कोण आलं? त्याला त्याच्याच चाळीत, त्याच पोटापाण्याच्या प्रश्नासोबत राहावं लागलं. यादीतून कंपनी काढता येते, देशातून माणूस काढता येत नाही.

म्हणून सेन्सेक्सला नावं ठेवायची गरज नाही. तुमचा म्युच्युअल फंड बरा चाललाय की नाही हे तपासायला ती उत्तम फूटपट्टी आहे. फक्त त्या फूटपट्टीने देश मोजू नका. उद्या कुठल्याही पक्षाचा नेता 'बघा, सेन्सेक्स कुठे पोचला' म्हणाला, तर त्याला शांतपणे विचारा: साहेब, आमच्या तालुक्यात नोकऱ्या किती वाढल्या? कांद्याला भाव काय मिळाला? मजुरी महागाईच्या पुढे गेली का?

या प्रश्नांची उत्तरं त्या ३० कंपन्यांच्या यादीत नाहीत. ती त्यांनीच द्यायची आहेत.