वाटा कागदावर हवा

अत्यंत गरीब कोणाला म्हणायचे, याचे जागतिक बँकेचे माप जून २०२५ मध्ये बदलले. आधी दिवसाला २.१५ डॉलर होते, आता ३ डॉलर आहे. प्रत्येक देशातली स्वस्ताई-महागाई जमेस धरून हा आकडा काढतात. या मापाने आज जगात सुमारे ८० कोटी माणसे अत्यंत गरीब आहेत.

आपल्या घरातल्या तरुण मुलांना हे सगळे लांबचे वाटते. वाटणारच. नीती आयोगाच्या बहुआयामी गरिबीच्या मोजणीत २०१५-१६ साली गोव्यातले ३.७६ टक्के लोक गरीब होते. २०१९-२१ मध्ये ०.८४ टक्केच उरले. पण ही मोजणी कशी करतात ते पाहा. संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांनी २०१० साली तिची जागतिक पद्धत बसवली. तीत पोषण, शाळा, वीज, संडास, चुलीचे इंधन असे निकष आहेत. पाण्याचा निकष मला फार बोलका वाटतो. शुद्ध पाणी आणायला जाऊन-येऊन अर्धा तास किंवा त्याहून जास्त चालावे लागत असेल, तर ते घर पाण्याच्या बाबतीत वंचित. पेडणे-डिचोलीकडच्या आपल्या आजीला विचारा, मे महिन्यात विहिरीने तळ दाखवला की डोक्यावर कळशी घेऊन किती खेपा व्हायच्या.

पेडण्यातला चांदेलचा जलशुद्धीकरण प्रकल्प आज तिळारीच्या पाण्यावर चालतो. हे धरण गोव्यात नाही. ते सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात आहे. तिळारी नदी खाली गोव्यात उतरते आणि शापोरा होते. म्हणजे पाणी अडवायची जागा एकाची, गरज दुसऱ्याची. १९९० साली गोवा आणि महाराष्ट्र सरकारांनी करार केला. खर्चाचा वाटा ठरला : गोवा ७३.३० टक्के, महाराष्ट्र २६.७० टक्के. काम रखडले, खर्च वाढला, कालवे फुटले, अजूनही फुटतात. तरी पेडणे, डिचोली आणि बार्देशपर्यंत पाणी पोचले. हिशेब दशांशापर्यंत लिहिलेला असल्यामुळे माझा वाटा किती, हा वाद कोणाला काढता आला नाही.

आता याच्या शेजारी जगाचा हिशेब ठेवा. श्रीमंत देशांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाचा ०.७ टक्के भाग गरीब देशांच्या विकासाला द्यावा, असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७० साली केला. पन्नासहून जास्त वर्षे झाली. तो पाळणारे देश नॉर्वे, लक्झेंबर्ग, डेन्मार्क, स्वीडन असे बोटांवर मोजण्याइतके. तो ठराव आहे, करार नाही. न पाळल्यास कोणी जाब विचारत नाही. मदत देणारी अमेरिकेची यूएसएड ही मोठी संस्था जुलै २०२५ मध्ये बंद झाली, तेव्हा तिच्या पैशांवर चालणाऱ्या दवाखान्यांना दाद मागायला जागाच नव्हती. आणि २०३० पर्यंत अत्यंत गरिबी संपवायची, हे तर सगळ्या देशांनी मिळून ठरवलेले आहे.

तिळारीच्या करारातही एक उणीव राहिली. धरणात आयनोडे-सरगव्यासारखी गावे गेली. तिथल्या लोकांना नोकऱ्यांसाठी वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. पाण्याची टक्केवारी चोख लिहिणाऱ्यांना घर सोडणाऱ्यांचा वाटा तितका चोख लिहिता आला नाही. आपल्या नळाच्या पाण्यात त्यांचाही वाटा आहे.

म्हणून मुलांनो, गरिबी हटवण्याची मोठी घोषणा वाचाल तेव्हा दोन गोष्टी शोधा. कोण किती देणार, हे लिहिले आहे का? आणि ज्याचे काही जाणार आहे, त्याचे नाव त्या कागदावर आहे का? ही सवय तुमच्या पिढीला लागली, तर पुढचे करार करताना तुमचा उपयोग होईल.