हलकी रायफल आणि पिकाची राखण

ज्वारी पोटरीस आली, मका दुधात आला, भुईमुगाच्या शेंगा भरू लागल्या, की रानडुकरांचे कळप शिवारात उतरू लागतात आणि गावोगावच्या पारावर बंदुकीची चर्चा सुरू होते. अलीकडे या चर्चेस एक नवे वळण लागलेले दिसते. परदेशी शिकाऱ्यांच्या हातातील अडीच किलो वजनाची, सुबक बोल्टची रायफल आपल्या तरुण शेतकऱ्यांच्या मनात भरते. "अशी रायफल आपल्यास का मिळू नये? निदान घरातील जुन्या रायफलीची नळी आखूड करून व दस्ता तासून ती हलकी का करून घेऊ नये?" असा प्रश्न ते आमच्या कार्यकर्त्यांस विचारतात. या प्रश्नाची टर उडविणे योग्य नव्हे. रात्रभर माचाणावर जागून सकाळी उद्ध्वस्त शेत पाहणाऱ्या माणसाचा तो प्रश्न आहे. परंतु त्याचे उत्तर मात्र स्पष्ट शब्दांत द्यावयास हवे, आणि आमच्या मते ते उत्तर नकारार्थी आहे.

प्रथम हे पाहू की रायफल हलकी होते ती कशी. बोल्टच्या रायफलीत काडतूस एका पोलादी दांड्याने नळीच्या मागील कोठडीत सरकविले जाते आणि दांडा फिरविला की त्याच्या कानांची खाचेत पक्की अडक बसते. पॉल माऊझर याने १८९८ साली सिद्ध केलेली रचना आजच्या बहुतेक शिकारी रायफलींचा पाया आहे. बार उडतो तेव्हा आधुनिक काडतुसात चार हजार वातावरणांच्या आसपास दाब निर्माण होतो, व तो सारा त्या इवल्याशा कानांनी आणि कोठडीच्या भिंतीने पेलावयाचा असतो. म्हणून या भागातील पोलाद वाटेल तसे तासता येत नाही. उरतात नळी आणि दस्ता. नळी कापून किती वजन वाचते, याचा हिशेब ज्याचा त्याने करून पाहावा. टोकाशी १६ मिलिमीटर जाडीची आणि ८ मिलिमीटर भोकाची नळी एक इंच कापली, तर जेमतेम ३० ग्रॅम वजन घटते. चार इंच कापूनही पाव शेर भरत नाही! एवढ्यासाठी गोळीचा वेग घालवावयाचा, बाराचा भडका डोळ्यांसमोर आणावयाचा आणि कानठळ्या बसवून घ्यावयाच्या, हा व्यवहार तोट्याचा आहे.

वजन घटले की धक्का वाढतो, हाही निसर्गाचा नियमच आहे. तेच काडतूस चार किलोच्या रायफलीतून उडविण्याऐवजी तीन किलोच्या रायफलीतून उडविले, तर खांद्यावर येणाऱ्या धक्क्याची शक्ती एक तृतीयांशाने वाढते. धक्क्याची धास्ती बसलेला माणूस चाप ओढताना डोळे मिटतो, आणि मग नेम लागावयाचा तो दैवावर.

याचा मोठा अनुभव ब्रिटिश सैन्याने घेतलेला आहे. ब्रह्मदेशातील व मलायातील रानांत वापरण्यासाठी १९४४ मध्ये ली-एन्फील्ड रायफलीची हलकी आवृत्ती काढण्यात आली. तीस 'जंगल कार्बाइन' असे नाव पडले. मूळ नळी सुमारे २५ इंचांची होती, ती १९ इंचांच्या आत आणली. ठिकठिकाणचे पोलाद कोरून काढले. लाकूड कमी केले. आणि वजन सुमारे ४.१ किलोवरून ३.२ किलोपर्यंत उतरविले. भडका झाकण्यासाठी नळीच्या तोंडाशी नरसाळे बसवावे लागले, धक्का सोसण्यासाठी दस्त्यास रबर लावावे लागले. इतके करूनही धक्का जबर राहिलाच, शिवाय एकदा जुळविलेला नेम टिकत नाही, अशी तक्रार उद्‍भवली. १९४७ मध्ये तिचे उत्पादन थांबले. ज्या कारखान्यांपाशी उत्तम यंत्रे, पोलादाचे जाणकार व चाचणीची मैदाने होती, त्यांची ही कथा. तालुक्याच्या गावातील लेथवाल्याने तेच काम अंदाजाने करावयाचे म्हणजे काय होईल, हे निराळे सांगावयास नको.

हलकी आणि नेमकी रायफल होतच नाही, असे मात्र नव्हे. अमेरिकेत १९५२ साली विंचेस्टर कंपनीने आपल्या सत्तर क्रमांकाच्या रायफलीची 'फेदरवेट' म्हणजे पिसासारखी हलकी आवृत्ती काढली. पुढे १९८० नंतरच्या दशकात वेस्ट व्हर्जिनियातील मेल्विन फोर्ब्ज या कारागिराने याहून मूलगामी मार्ग धरला. मोठी रचना कोरून लहान करण्याऐवजी त्याने काडतुसाच्या मापाबरहुकूम लहान रचना मुळापासूनच आखली. तिचे वजन २० औंस, म्हणजे सुमारे ५७० ग्रॅम भरले. लाकडाच्या जागी त्याने कृत्रिम धाग्यांचा सुमारे एक रत्तलाचा ताठ दस्ता योजिला आणि नळीस त्या दस्त्याचा सबंध लांबीभर आधार दिला, जेणेकरून पातळ नळी डळमळू नये. अशी त्याची रायफल सुमारे पाच रत्तलांत, म्हणजे सव्वादोन किलोंत बसली. कारागिरी म्हणून हे काम खरोखर कौतुकास्पद आहे. पण ती कोणासाठी झाली? दिवसभर उंच डोंगर चढून एखादीच गोळी झाडणाऱ्या शिकाऱ्यासाठी. आपला शेतकरी बांधावर किंवा माचाणावर बसलेला असतो. त्याच्या खांद्यावरचे एक किलो कमी झाल्याने त्याचे कोणते कष्ट वाचणार?

खरी अडचण याहूनही गंभीर आहे. रायफलीची गोळी तीन किलोमीटरांपलीकडेही जाऊ शकते. डोंगरात गोळीमागे उतार असतो, ती मातीत रुतते. वऱ्हाडातील सपाट काळ्या रानात गोळीमागे काय असते? शेजाऱ्याचे खोपट, पाणी द्यावयास गेलेला गडी, पलीकडची वस्ती. रानडुक्कर तर पिकात वीस-तीस पावलांवर दिसते, आणि तेही अंधारात. एवढ्या अंतरासाठी गुळगुळीत नळीची बारा बोअरची बंदूक पुरेशी असून तिच्या छऱ्यांचा पल्ला काही शे मीटरांतच संपतो. अर्थात तेवढ्या पल्ल्यातही माणूस असू शकतो. सबब मागे काय आहे हे दिसल्यावाचून चापास बोट लावू नये.

कायद्याची दृष्टीही हीच आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या तेराव्या कलमात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे, रायफलीचा नाही. सहाव्या कलमान्वये परवान्यावाचून नळी आखूड करण्यास मनाई आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्यास तसेच विनापरवाना शस्त्र बनविण्यास किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगितली आहे. घरातील वडिलोपार्जित रायफल 'जरा हलकी' करून घेणारा भला माणूस या कलमात सापडतो, आणि घरातील कर्ता पुरुष तुरुंगात गेल्यावर पिकाची राखण कोणी करावयाची?

तथापि शेतकऱ्यास नुसते 'हे करू नको' म्हणून आपली सुटका होत नाही. ठासणीची बंदूक भर पावसात दगा देते. दारू सर्दावते, एक बार उडाल्यावर दुसरा भरेपर्यंत कळप निघून जातो किंवा जखमी डुक्कर अंगावर येते. हा आक्षेप सर्वस्वी रास्त आहे, आणि विशेष म्हणजे कायदा करणाऱ्यांसही तो ठाऊक होता. त्याच तेराव्या कलमास असे परंतुक जोडलेले आहे की, ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाल्यास, तो गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मंजूर करू शकतो. आमचे स्पष्ट मत आहे की या परंतुकाचा लाभ गरजू शेतकऱ्यास मिळवून देण्यात आपण कमी पडतो. अर्जात "डुकरांचा त्रास आहे" एवढेच वाक्य लिहिलेले असेल, तर अधिकाऱ्याची खात्री कशी व्हावी? गट क्रमांक, पीक, नुकसानीचे क्षेत्र, मागील दोन हंगामांचे पंचनामे, रानापासूनचे अंतर, ठासणीची बंदूक का चालत नाही याची कारणे, एवढे सारे व्यवस्थित मांडून देणे हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याचे काम आहे. अधिकाऱ्यांनीही असा अर्ज आल्यास तो वर्षानुवर्षे बासनात ठेवू नये.

बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याची परवानगी नव्हे, हेही समजावून सांगावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या अकराव्या कलमान्वये उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकरासाठी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देतो. ती वेगळी घ्यावयाची असते. अशा रीतीने मारलेले जनावर शासनाच्या मालकीचे ठरते. कुंपणात विजेचा चालू प्रवाह सोडणे, कणकेच्या गोळ्यात स्फोटक ठेवणे, हे उपाय तर बोलूच नयेत. त्यांत डुकराआधी घरचा बैल आणि पहाटे शेतावर निघालेला माणूस सापडतो. सौर कुंपणातील झटका क्षणिक असतो, तो जनावर मारीत नाही, परतवितो. चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून सलग शिवारास ते घातल्यास खर्च वाटला जातो.

दोन्ही अर्ज पेरणीच्या सुमारासच दाखल करावेत. डुकरे शिवारात उतरल्यावर कागद हलू लागले, तर परवानगी हाती येईपर्यंत ज्वारीची कणसे उरलेली नसतात.