पाऊल काळे पडण्याआधी

रायपूरच्या कुठल्याही मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या आवारात तासभर बसा. झाडाच्या सावलीत, गमछ्यात गुंडाळलेला पाय पुढे पसरून बसलेला तिशी-पस्तिशीचा एखादा गडी दिसेल. शेजारी बायको, तिच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत गावोगावच्या दवाखान्यांचे कागद. काय झाले म्हणून विचारले, तर तो सांगेल, ‘गोड़ करिया होगे’. आपल्या मराठी कानाला गोड म्हणजे साखर. इथल्या बोलीत गोड़ म्हणजे पाय. त्याचा पाय काळा पडला आहे. अपघात नाही, सर्पदंश नाही, बहुतेकदा मधुमेहही नाही. पायापर्यंत रक्तच पोहोचत नाही.

बंद पडलेली रक्तवाहिनी उघडण्याचे आणि जिथे ती उरलीच नाही तिथे नवी उगवून आणण्याचे प्रयोग जगात गेली काही दशके चालू आहेत. ते आता आपल्या शहराच्या दारात आले आहेत. त्यांचे काय करायचे, हे डॉक्टरांनी, औषध कंपन्यांनी आणि मंत्रालयातल्या अधिकाऱ्यांनीच ठरवायचे का? पाय जातो तो आपल्यातल्या कुणाचा तरी जातो. म्हणून हे मुद्दे मी रायपूरकर नागरिकांपुढे ठेवतो आहे.

१. या आजाराला नाव आहे, आणि त्याचे धागेदोरे आपल्या जंगलापर्यंत येतात. न्यूयॉर्कच्या लिओ बर्गर या डॉक्टरने १९०८ साली, कापून टाकलेल्या अकरा अवयवांच्या रक्तवाहिन्या तपासून त्याचे वर्णन केले. तेव्हापासून तो बर्गरचा आजार. हातापायांच्या लहान-मध्यम वाहिन्यांना सूज येते, आत गुठळी बसते आणि वाहिनी मिटते. रोगी बहुधा पंचेचाळिशीच्या आतला असतो आणि जवळजवळ नेहमीच तंबाखूच्या आहारी गेलेला. पायाच्या धमन्या बंद झालेल्या रुग्णांमध्ये या आजाराचा वाटा पश्चिम युरोपात ०.५ ते ५.६ टक्के नोंदला गेला, भारतात ४५ ते ६३ टक्के. बांगलादेशातल्या एका अभ्यासात विडी ओढणाऱ्याचा धोका सिगारेट ओढणाऱ्याहून जास्त आढळला. तेंदूचे पान सिगारेटच्या कागदासारखे सच्छिद्र नसते. विडी विझू नये म्हणून ती पुन्हा पुन्हा, जोर लावून ओढावी लागते. ज्या राज्यात तेंदूपानाला ‘हरा सोना’ म्हणतात, त्या राज्याला हा आजार परका कसा म्हणता येईल?

२. वाहिनी उघडण्याची विद्या पायापासूनच सुरू झाली, हे आपण विसरलो आहोत. १६ जानेवारी १९६४. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात ८२ वर्षांची एक बाई गँगरीन झालेला पाय घेऊन आली. शस्त्रवैद्यांनी पाय कापायला सांगितले होते. तिने साफ नकार दिला. चार्ल्स डॉटर या क्ष-किरण तज्ज्ञाने तिच्या मांडीच्या धमनीत एकापेक्षा एक जाड नळ्या सरकवून अरुंद जागा रुंद केली. जखम भरली. अडीच वर्षांनी ती वारली, तोवर स्वतःच्या दोन्ही पायांवर चालत होती. हृदयाच्या धमनीत फुगा फुगवण्याचे ग्रुंट्झिग या डॉक्टरांचे काम झुरिकला झाले ते त्यानंतर तेरा वर्षांनी, १९७७ साली. आज अँजिओप्लास्टी म्हटले की आपण छातीवर हात ठेवतो. पायाचा विचारही मनात येत नाही.

आपल्या मेकाहाराच्या, म्हणजे डॉ. आंबेडकर स्मृती रुग्णालयाच्या, अ‍ॅडव्हान्स्ड कार्डियाक इन्स्टिट्यूटमध्ये एक्झायमर लेझरने धमनीतला अडथळा दूर करून वाट मोकळी करतात. सरकारी रुग्णालयात हे होते याचा मला मनापासून अभिमान आहे. पण फुगा असो वा लेझर, उघडलेल्या वाटेने रक्ताला पुढे जायला जागा लागते. बर्गरमध्ये गुडघ्याखालच्या बारीक वाहिन्याच मिटलेल्या असतात. बायपास करायचा तर पलीकडे जोडायला टोक सापडत नाही. गंगरेल धरणाचे दार उघडले, पण कालव्याच्या टेलच्या शेतापर्यंत चारीच खणलेली नाही, तर धान वाळायचे थांबेल का? यंत्र आले म्हणजे पाय वाचला, असा समज कुणी करून घेऊ नये आणि कुणी करून देऊ नये.

३. म्हणून नव्या वाहिन्या उगवून आणण्याचे प्रयोग आवश्यक आहेत. पण प्रयोग म्हणजे उपचार नव्हे. या प्रयोगांचा इतिहास थोडा सविस्तर सांगतो, कारण तो माहीत नसला की माणूस सहज फसतो. १९९८ साली बॉस्टनच्या जेफ्री इझनर यांनी बर्गरच्या रुग्णांच्या पायाच्या स्नायूंत, वाहिन्यांची वाढ करणाऱ्या घटकाचे जनुक टोचले आणि जखमा भरल्याचे कळवले. २००२ साली जपानी डॉक्टरांनी रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी पोटरीत टोचून वेदना कमी झाल्याचे सांगितले. जगभर आशेची लाट उसळली. मग मोठ्या चाचण्या झाल्या. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या टॅमारिस चाचणीत ३० देशांतले ५२५ रुग्ण होते. जनुक टोचूनही पाय कापण्याचे किंवा मृत्यूचे प्रमाण घटले नाही. २०१५ साली नेदरलँड्सच्या उट्रेख्टमधल्या १६० रुग्णांच्या चाचणीत अस्थिमज्जेच्या पेशींचे तेच झाले.

त्या डच चाचणीतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्यांना खऱ्या पेशी मिळाल्या त्यांची वेदना कमी झाली, आणि ज्यांना अस्थिमज्जेच्या पेशी नसलेले नुसते द्रावण मिळाले त्यांचीही झाली. दोन्ही गटांना बरे वाटले, सारखेच. तुलनेचा गट नसता तर त्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणेच ‘आमच्या पेशींनी गुण आला’ असे जाहीर केले असते. मग एखाद्या दवाखान्याच्या भिंतीवर लावलेले, बऱ्या झालेल्या पायाचे छायाचित्र आपण पुरावा म्हणून कसे धरायचे? जपानने २०१९ साली अशाच एका जनुक-औषधाला अटींवर परवानगी दिली. पुढचा पुरावा भक्कम निघाला नाही आणि २०२४ साली कंपनीने माघार घेतली. जपानची अट इथे कामी आली. आपल्याकडे बंगळुरूच्या स्टेमप्युटिक्स कंपनीच्या पेशींना, ज्या दात्यांच्या अस्थिमज्जेतून वाढवतात, औषध महानियंत्रकांनी २०२० साली मंजुरी दिली. त्याआधी बर्गरच्या ९० रुग्णांवर झालेली चाचणी खुली होती. कुणाला काय मिळते आहे हे रुग्णालाही ठाऊक होते आणि डॉक्टरलाही. त्या औषधाला माझा विरोध नाही. उद्या त्याने शंभर पाय वाचले तर मी सर्वांत आधी पेढे वाटीन. पण ज्याला ते टोचले त्या प्रत्येकाचा पाय एक वर्षाने, तीन वर्षांनी कसा आहे, हे नोंदवून लोकांपुढे ठेवलेच पाहिजे. पुरावा तोकडा असताना मोजणी सोडून देणे हा रुग्णाचा विश्वासघात आहे.

४. गरिबाचा पाय ही प्रयोगशाळा होऊ नये, आणि बाजारही होऊ नये. कायदा आपल्या बाजूने आहे. १५ जून २००९ पासून प्रत्येक औषध-चाचणीची नोंद सार्वजनिक नोंदवहीत करणे बंधनकारक आहे. ती कुणालाही पाहता येते. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीत इजा झाली तर उपचार आणि भरपाई प्रायोजकाने द्यायची असते. स्टेम सेल म्हणजे मूळपेशींबद्दलची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की मान्यता नसलेल्या गोष्टी चाचणीबाहेर वापरायच्या नाहीत. तेव्हा ‘नवीन स्टेम सेल उपचार’ म्हणून कुणी लाखभर रुपये मागितले, तर दोनच प्रश्न विचारा: याला मान्यता आहे का, असल्यास कागद कुठे आहे? चाचणी असेल तर नोंदणी क्रमांक काय, आणि चाचणीचे पैसे माझ्याकडून का घेता? शेत गहाण टाकून आलेल्या माणसाला हे प्रश्न सुचत नाहीत. ते त्याच्या वतीने विचारणे हे आपल्यासारख्या लिहिता-वाचता येणाऱ्यांचे काम आहे.

संमतीचा कागद तरी कोणत्या भाषेत असतो? बस्तरचा माणूस गोंडी बोलतो, हलबी बोलतो. त्या हलबीत मराठीची ओळखीची चव आहे, तरी दवाखान्यातले आपण ती समजून घेत नाही. इंग्रजीतल्या बारा पानांखाली घेतलेल्या अंगठ्याला संमती म्हणायचे का? नोव्हेंबर २०१४ मध्ये बिलासपूरजवळच्या नसबंदी शिबिरानंतर १३ बायका दगावल्या. गरिबाच्या देहावर घाईने, मोजमापाविना काम केले की काय होते, हे या राज्याने एकदा पाहिले आहे. पुन्हा पाहण्याची आपली तयारी आहे का?

५. ज्या पानातून पैसा येतो, त्या पानाने घेतलेल्या पायांचा खर्चही त्याच पैशातून निघाला पाहिजे. अविभाजित मध्य प्रदेशाने १९६४ साली तेंदूपानाचा व्यापार सरकारच्या हाती घेतला. आज ५० पानांची एक गड्डी, हजार गड्ड्यांचा मानक बोरा, आणि बोऱ्यामागे ५,५०० रुपये संग्राहकाला मिळतात. बारा लाखांहून अधिक कुटुंबांची उन्हाळ्यातली चूल त्यावर पेटते. ती विझवा असे मी म्हणत नाही; पहाटे चारला जंगलात शिरणाऱ्या बाईचा यात काडीचा दोष नाही. सरकार चरणपादुका योजनेतून तिच्या पायात चप्पल घालते हेही चांगलेच आहे. पण सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने विडीवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणि तेंदूपानावरचा १८ वरून ५ टक्क्यांवर आणायचे ठरवले, तेव्हा विडी ओढणाऱ्यांच्या पायांचा हिशेब कुणी मांडला होता? पानावरची सवलत मी समजू शकतो. तिचा काही वाटा गोळा करणाऱ्यांपर्यंत पोहोचू शकतो. विडी स्वस्त करण्याचे समर्थन मला सापडत नाही. आपल्या राज्याच्या आमदार-खासदारांनी त्याचे उत्तर द्यायला हवे.

६. सर्वांत सिद्ध झालेला उपचार फुकट आहे, आणि त्यासाठीच आपल्याकडे माणूस नेमलेला नसतो. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकने बर्गरच्या १२० रुग्णांचा लेखाजोखा मांडला. तंबाखू पूर्ण सोडलेल्या ५२ जणांपैकी ४९ जणांवर अवयव कापायची वेळ आली नाही. ओढत राहिलेल्या ६८ पैकी २९ जणांचा एखादा तरी भाग कापावा लागला. वर सांगितलेल्या कुठल्याही पेशीला, कुठल्याही जनुकाला असा निकाल अजून देता आलेला नाही. आणि दिवसाला एकदोन विड्यांनीही आजार जागा राहतो. ‘कमी करा’ हा सल्ला इथे चालत नाही. तरी आपल्या बाह्यरुग्ण विभागात काय होते? चिठ्ठीवर ‘धूम्रपान वर्ज्य’ असे लिहून पुढच्याला हाक. वीस वर्षांचे व्यसन दोन शब्दांनी सुटते का? पाय कापायला शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ, रक्ताची पिशवी, सगळे मिळते. विडी सोडवायला आठवड्यातून एकदा शेजारी बसणारा समुपदेशक मिळत नाही, हे आपल्या प्राधान्यक्रमाचे अपयश आहे.

७. पाय वाचतो तो लवकर ओळखला तरच. आजाराची सुरुवात साधी असते: शंभर पावले चालले की तळवा किंवा पोटरी आवळून येते, थांबले की सुटते. थंडीत बोटे पांढरी-निळी पडतात. गावात त्याला वात म्हणतात, तेल चोळतात, शेकतात. गावच्या डॉक्टरने पंजाच्या वरच्या बाजूला दोन बोटे ठेवून नाडी लागते का, एवढे पाहिले तरी शंका येईल. पुढची तपासणीही महागाची नाही. रक्तदाबाचा पट्टा आणि हातात मावणारे डॉप्लर यंत्र एवढ्यावर घोट्याचा दाब दंडाच्या दाबाशी ताडता येतो, गुणोत्तर ०.९ च्या खाली गेले की रुग्णाला रायपूरला धाडायचे.

हे कुठे करायचे, तेही सांगतो. तेंदूच्या हंगामात गावोगाव फड लागतो. संध्याकाळी सगळे गाव गड्ड्या घेऊन तिथे येते, फडमुंशी मोजून लिहून घेतो. वर्षातल्या त्या थोड्या दिवसांत विडी ओढणारा जवळजवळ प्रत्येक पुरुष एका जागी भेटतो. असे शिबिर आरोग्य खात्याला लाख खर्चूनही भरवता येणार नाही. प्रत्येक फडावर नाही, तरी प्रत्येक वनोपज सहकारी समितीच्या एका फडावर, एक दिवस, गावची आरोग्य-स्वयंसेविका असलेली मितानिन दीदी आणि एक प्रशिक्षित आरोग्यसेवक बसावा. ज्याची नाडी लागणार नाही त्याचे नाव वहीत, आणि मेकाहारा किंवा एम्सच्या तारखेची चिठ्ठी त्याच्या हातात. त्या वहीचा आकडा आणि त्या वर्षी राज्यात कापलेल्या पायांचा आकडा, दोन्ही आरोग्य खात्याने वर्षअखेर जाहीर करावेत. नवे प्रयोग करायचे तर त्यांच्या तुलनेलाही हेच आकडे लागतील. हंगाम एप्रिलच्या अखेरीस सुरू होतो. लघु वनोपज संघाचे कार्यालय नवा रायपूरला आहे, आरोग्य संचालनालयही तिथेच. दोघांची एक बैठक व्हायला किती दिवस लागतील, एवढे लेखी उत्तर आपण सगळ्यांनी मिळून मागू या.